सुनमायाची दशमी

विहीणबाईंचं काहीतरी बिघडलंय, हे यमुताईंच्या लक्षात आलं ते चहामुळे.

सुनमाया तामांग दार्जिलिंगच्या अलीकडच्या सोनादा गावाहून नागपूरला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सोबत आणलेल्या पत्तीचा चहा केला. कप यमुताईंच्या हातात देत म्हणाल्या, "हमारे बगान का है, बैनी. पीकर देखो." बैनी म्हणजे धाकटी बहीण. यमुताईंनी प्यायला, छान झालाय म्हणून सांगितलं, कप विसळून पालथा घातला. मागे वळल्या तर विहीणबाई दुसरा कप घेऊन उभ्या. "हमारे बगान का है, बैनी. पीकर देखो." तोच चेहरा, तेच हसू. यमुताईंना वाटलं, डोंगरात पाहुण्याला दोनदा चहा द्यायची रीत असेल. तिसरा कप आला तेव्हा मात्र त्यांनी तो घेतला आणि विहीणबाईंची पाठ वळल्यावर सिंकमध्ये ओतला.

त्यांना सगळे आमा म्हणायचे. आमा म्हणजे आई. जावई प्रीतम म्हणायचा, म्हणून यमुताईंची लेक अदिती म्हणू लागली, आणि तिचं ऐकून यमुताईही. अदिती आणि प्रीतम दोघं मिहानमधल्या एकाच कंपनीत कामाला. पहिलं बाळंतपण, तेव्हा दोन्ही आया जवळ असाव्यात म्हणून प्रीतमने आमाला बोलावून घेतलं होतं. पण आठवा महिना लागला आणि अदितीचं बीपी एकदम वाढलं. तिला सदरमधल्या इस्पितळात भरती करावं लागलं. प्रीतम दिवसरात्र तिकडेच. यमुताईंच्या नंदनवनातल्या दोन खोल्यांच्या घरात उरल्या या दोन विहिणी, एक विमा कंपनीतून निवृत्त झालेली नागपूरची विधवा आणि एक चहाच्या मळ्यात पानं खुडून म्हातारी झालेली डोंगरातली विधवा. बोलायला मोडकीतोडकी हिंदी तेवढी होती.

"तिच्या डोक्याला कसलाही त्रास नको," डॉक्टरीणबाईंनी यमुताईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. "बीपी आणखी चढलं तर दोघांच्याही जिवाला धोका आहे."

म्हणून चहाचं यमुताईंनी कोणालाच सांगितलं नाही. प्रीतमला सांगितलं तर त्याचा चेहरा पाहून अदिती ओळखेल, ही भीती. सांगितलं नाही तर काय होईल, ही दुसरी.

नवरात्र चालू होतं. संध्याकाळची आरती झाली की आमा घटासमोर मांडी घालून बसायच्या. मातीत उगवलेले गव्हाचे कोंब बोटांनी हलकेच कुरवाळत म्हणायच्या, "जमरा." त्यांच्याकडेही दसऱ्याला असेच कोंब उगवतात, फक्त जवाचे. आमाचं माहेर हिंदू, सासर बौद्ध. त्या सांगायच्या, दशमीला घरातली वडीलधारी माणसं दह्यात तांदूळ आणि लाल रंग कालवून कपाळभर टिळा लावतात, कानामागे जमरा खोचतात. त्याच दिवशी दुपारी त्या सासूबरोबर वर गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, जाऊन तुपाचे दिवे लावायच्या. बुद्धपौर्णिमेला लामा लोकांच्या मागून पोथ्या पाठीवर घेऊन गावभर मिरवणूक निघायची, आणि बाजारातले मारवाडी, बिहारी, नेपाळी सगळे पोथ्यांपुढे डोकं झुकवायचे. मुखवटे घालून लामा नाचायचे तेव्हा लहानगा प्रीतम भीतीने आमाच्या कुशीत तोंड लपवायचा. तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्या, दिवसांत गल्लीतल्या कुत्र्यांच्या गळ्यातही झेंडूच्या माळा असायच्या.

हे सांगताना आमा एक नाव, एक रंग विसरायच्या नाहीत. यमुताई तेवढा वेळ सुखावून ऐकायच्या. मग आमा थांबायच्या, भिंतींकडे, पंख्याकडे, देव्हाऱ्याकडे नजर फिरवायच्या आणि हळूच विचारायच्या, "ये किसका घर है, बैनी?"

यमुताई दरवेळी समईची वात सारखी करायला उठायच्या.

अष्टमीच्या दिवशी टीव्हीवर दीक्षाभूमीचा पांढरा घुमट दिसला. घुमटाभोवती माणसांचा समुद्र होता. आमा सरसावून बसल्या. "गोम्पा है?"

"स्तूप आहे. परसों दशमी को बडा मेला होता है. दूर दूर से लोग आते हैं."

"दशमी को? यहाँ भी दशमी को?" आमाचे डोळे चमकले. "मैं जाऊँगी. बच्चे के लिए बत्ती जलाऊँगी."

यमुताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. दीक्षाभूमीवरून त्या बसने हजारदा गेल्या होत्या. आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या घरातलं कोणीच गेलं नव्हतं, आणि का नाही हे कोणी कोणाला विचारलंही नव्हतं. आता विहिणीसमोर नाही म्हणायला त्यांना कारण सापडेना. गर्दीचं खरं कारण होतं, पण आमा दशमीच्या सकाळी अंघोळ करून, केस विंचरून दाराशी येऊन बसल्या. लेकीच्या बाळासाठी दिवा लावायला निघालेल्या बाईला कसं अडवायचं?

घट उठवल्यावर यमुताईंनी दोघींच्या केसांत कोंब खोवले. ऊन कडक होतं. आमाचा जाडजूड बक्खू, तो पायघोळ झगा, त्या उन्हात नको म्हणून त्यांनी आपली एक पांढरी सुती साडी तिला नेसवली. तिथे सगळ्या बाया पांढरंच नेसतात, तेही बरं दिसेल, असं त्यांना वाटलं.

ऑटोवाल्याने अलीकडेच सोडलं, पुढे रस्ते बंद होते. माणसांच्या लोंढ्यातून चालताना यमुताईंनी आमाचा हात घट्ट धरला होता. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, जेवणाच्या पंगती, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. आमा मात्र अशा चालत होत्या की जणू दरवर्षी येतात. रांगेत उभं राहून दोघी आत गेल्या, आमाने मेणबत्ती लावली, कपाळ टेकलं. बाहेर आल्यावर उन्हाने यमुताईंना भोवळ आल्यासारखं झालं. आमाचेही ओठ सुकले होते.

एका झाडाच्या सावलीत चटई टाकून एक कुटुंब भाकरीची शिदोरी सोडून बसलं होतं. त्यातल्या बाईने सरकून जागा केली. "बसा वं बाई, लय ऊन हाय." तिचं नाव प्रयागबाई. कन्हानच्या पलीकडच्या खेड्यातून आली होती, नवरा शालिकराम बाजूलाच पाय पसरून पडला होता.

"यांना जरा पाहाल का? मी पाणी घेऊन येते," यमुताई म्हणाल्या.

"जा ना तुमी. म्या हावो इथंच."

पाण्याच्या टँकरपाशी रांग होती. यमुताई दोन बाटल्या भरून परत आल्या तर चटईवर प्रयागबाई होती, शालिकराम होता, भाकरी होती. आमा नव्हत्या.

"त्या कुठं गेल्या?"

प्रयागबाईने मान वळवली आणि तिचा हात तोंडावर गेला. "आत्ता तं होत्या इथं. म्या नातीले भाजी वाढून राहिली होती. मले वाटलं तुमच्याच मागं आल्या."

यमुताईंनी बाटल्या तिथेच ठेवल्या. त्या आधी झाडाभोवती फिरल्या, मग त्याच्या पलीकडच्या झाडाभोवती. एका पाठमोऱ्या म्हातारीचा खांदा धरला, ती वळली तर दुसरीच कोणी. मग आणखी एक. जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या साड्या, वाकलेल्या पाठी, पिकलेले अंबाडे. आपणच आपल्या हाताने त्या बाईला या गर्दीत मिसळून टाकलं, हे त्यांना तेव्हा कळलं. आमाजवळ फोन नव्हता. पत्ता तिला पाठ नव्हता. ती कोणाच्या घरी राहते हेच तिला ठाऊक नव्हतं.

"बोलता येते ना त्याईले?" प्रयागबाई मागोमाग येत विचारत होती. "पुसत पुसत येतीन."

"काय विचारणार त्या? त्यांना आठवतच नाही काही." हे वाक्य यमुताईंनी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं होतं.

प्रयागबाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तुमी पोरीले पाहा. मी जातो या बाईसंग."

मदत केंद्राच्या मांडवात एका स्वयंसेवकाने नाव लिहून घेतलं. "वर्णन सांगा."

"सत्तरीच्या. गोऱ्या, बारीक डोळे. पांढरी साडी."

त्याने पेन वर केलं. "ताई, पांढऱ्या साडीत इथं सगळ्याच हायेत. दुसरं काही?"

"केसांत गव्हाचे कोंब आहेत."

लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं गेलं. सुनमाया तामांग. सुनमाया तामांग जिथे असतील तिथून मदत केंद्रापाशी यावे. यमुताई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. ते मराठी आमाला समजणार नव्हतं. समजलं तरी सुनमाया म्हणजे आपण, हे या घडीला तिला आठवत असेल का? हरवलेली पोरं येत होती, आया त्यांना छातीशी धरत होत्या. ऊन पिवळं पडत चाललं. पोलिसांनी फोटो मागितला. यमुताईंच्या मोबाइलमध्ये आमाचा एकच फोटो होता, बक्खूतला. त्यांनी तो दाखवला आणि आता प्रीतमला सांगितल्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांना कळून चुकलं.

मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी फोन लावला.

"अदितीपासून लांब जा," त्या म्हणाल्या. "बाहेर ये आणि मग बोल."

त्यांनी सगळं सांगितलं. चहाचे तीन कप, रोज संध्याकाळचा तो प्रश्न, आजची गर्दी. प्रीतम एरवी त्यांच्याशी हौसेने मराठीत बोलायचा. आता त्याच्या तोंडून हिंदीच आली.

"कब से?"

"आल्यापासून. बेटा, मी सांगणार होते. अदितीमुळे..."

"मुझे फोन पे लगता था, थक गई है," तो म्हणाला. "एक ही बात दो बार बोलती थी."

"आता ते राहू दे. तू विचार कर. दशमीला, दिवे लावून झाल्यावर, आमा कुठं जायच्या?"

"दशमी को? मामा के घर. माहेरी. टीका लेने." तो बोलता बोलता थांबला. पुढचं बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मम्मी, वहाँ आसपास ट्रेन की लाइन है क्या?"

"अजनी स्टेशन आहे. जवळच. का?"

"हमारे यहाँ छोटी गाडी चलती है. धीरे धीरे. सब लोग पटरी पे ही चलते हैं. मामा का घर लाइन के साथ साथ नीचे है. आमा हमेशा पटरी से जाती थी."

यमुताईंनी फोन तसाच हातात धरून प्रयागबाईला दोन शब्दांत सांगितलं आणि दोघी राहाटे कॉलनीच्या बाजूला निघाल्या. गर्दी समोरून येत होती, त्या उलट जात होत्या. यमुताईंच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यांनी ती तिथेच सोडली. दिसेल त्याला प्रयागबाई विचारत होती, "डोक्यात हिरवं खोचलेली बुढी पायली का गा?" कोणी मान हलवायचं, कोणी थांबायचंही नाही.

वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबाशी एक फुगेवाला उभा होता. "डोक्यात गहू उगवलेली बाई?" तो म्हणाला. "गेली ना. मले पुसे, लाइन किधर है, लाइन किधर है. मले वाटलं बिजलीची लाइन म्हणते. मंग म्हणे रेल, तं दाखोली म्या."

"केव्हा?"

"झाला थोडा टाइम."

पलीकडे कुठेतरी इंजिनाची शिटी वाजली. लांब, जड, थांबायचं नाव न घेणारी. यमुताईंनी डोळे मिटले आणि शिटी संपेपर्यंत त्यांना ते उघडता येईनात. अदितीचा चेहरा समोर आला, तिचे सुजलेले पाय, हाताला लावलेली सलाइन. तिला काय सांगायचं? तुझ्या बाळाच्या आजीला मी झाडाखाली सोडून पाण्याला गेले?

"चाला वं," प्रयागबाईने त्यांचं मनगट धरलं. "उभ्या नका राहू."

वस्तीच्या मागे भिंत होती आणि भिंतीला लोकांनी ये-जा करून पाडलेली फट. पलीकडे खडी, गवत आणि एकाला एक लागून कितीतरी रूळ, मावळतीच्या उजेडात तांबूस चमकणारे. यमुताईंनी कपाळावर हात धरून पाहिलं. दूर, दोन रुळांच्या मधोमध, एक पांढरी आकृती चालली होती. पाठीशी हात बांधून, थोडी पुढे वाकून, उताराला लागल्यासारखी.

"आमा." त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो त्यांनाच ऐकू आला नाही. प्रयागबाईने मोठ्याने हाक घातली. आमा वळल्या नाहीत.

यमुताई एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी अशा खडीवरून धावल्या. साठी उलटल्यावर त्या कधी धावल्या नव्हत्या. रूळ थरथरायला लागले होते. आमाजवळ पोचून त्यांनी तिचा दंड धरला आणि ओढला.

आमा वळल्या. त्या डोळ्यांत ओळख नव्हती. होती ती भीती, निखळ, चोराने हात धरल्यावर असावी तशी. त्यांनी हिसडा मारला, नेपाळीत काहीतरी ओरडल्या, यमुताईंच्या हाताला नखं लावली. डोंगर चढून उतरून घट्ट झालेलं शरीर, ते यमुताईंना हलेना. आणि मागून, वळणावरून, मालगाडीचा दिवा दिसला. कोणत्या रुळावरून येतेय ते त्या उजेडात कळत नव्हतं.

यमुताईंनी दंड सोडला.

कसं सुचलं ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांनी हात जोडले, नमस्कार केला आणि धाप आवरून अनोळखी बाईशी बोलावं तसं म्हणाल्या, "दिदी, मैं भी मायके जा रही हूँ. टीका लेने. रास्ता उधर से है. साथ में चलें?"

आमा त्यांच्याकडे पाहत राहिल्या. दिवा मोठा होत होता. आमाची नजर यमुताईंच्या कपाळावरून वर गेली, केसांतल्या कोंबांवर थांबली.

"जमरा," त्या म्हणाल्या.

"हाँ. चलिए."

आमाने आपला हात पुढे केला. यमुताईंनी तो धरला, या वेळी ओढला नाही, आणि एक पाऊल, मग दुसरं, अशा दोघी रूळ ओलांडून खडीच्या उतारावर आल्या. तिथे प्रयागबाई उभी होती, तिने दोघींना मिठीत धरून खाली बसवलं. गाडी आली. ती शेजारच्या रुळावरून गेली की त्याच, हे यमुताईंनी पाहिलं नाही. कोळशाचे डबे एकामागून एक जात राहिले, तोंडावर गरम धुळीचा वारा येत राहिला, आणि आमा त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून लहान पोरासारख्या थरथरत होत्या. "कितनी बडी," त्या म्हणत होत्या. "ये गाडी इतनी बडी कब हुई?"

प्रीतम पोचला तेव्हा अंधार पडायला आला होता. आईला त्याने ऑटोत बसवलं, तिच्या पायांतले खडे काढले. यमुताईंना तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मला सांगायला पाहिजे होतं, मम्मी." यमुताई म्हणाल्या, "हो." प्रयागबाई आपल्या झाडाकडे परत निघाली. यमुताईंनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "जा आता घरी," ती म्हणाली. "दरवाजाले वरून कडी लावा."

त्यांनी लावली. वरची, खालची आणि मधलीही. मग पलंगावर बसून आमाचा श्वास ऐकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात आमा प्रसन्न होत्या. बक्खू घालून, केस चापून बसवून. अदिती उशीला टेकून बसली होती, बीपी थोडं उतरलं होतं. तिने आमाचा हात पोटावर ठेवला आणि विचारलं, "कल मेला देखा, आमा?"

"देखा. बत्ती जलाई बच्चे के लिए." आमा उत्साहाने सांगू लागल्या. गोम्पात किती गर्दी होती. लामांचा नाच उशिरा सुरू झाला. मग त्या आणि एक दिदी मिळून माहेरी गेल्या, दाजूने टिळा लावला, वहिनीने सेलरोटी तळली होती, परतीला धुकं उतरलं.

अदिती हसत ऐकत होती. हळूहळू तिचं हसू थांबलं. दाजू, म्हणजे आमाचा थोरला भाऊ, प्रीतमचे मामा, जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या तेराव्याला ती स्वतः सोनादाला गेली होती. तिने दारात उभ्या असलेल्या प्रीतमकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मग तिची नजर आईच्या हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत ओढल्या गेलेल्या नखांच्या लाल रेघांवर.

"आई," ती म्हणाली. "काय झालं काल?"

यमुताईंनी भिंतीवरच्या बीपीच्या यंत्राकडे पाहिलं. त्यावरचे आकडे हिरवे होते आणि अजून स्थिर होते. आमा अदितीचं पोट कुरवाळत नेपाळीत काहीतरी गुणगुणत होत्या. यमुताईंनी स्टूल पलंगाजवळ ओढलं, लेकीचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि आकड्यांवरची नजर न काढता हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.